वाचलेला पाय चालता ठेवायचा तर

लेकरा, टाके निघाले, तू काठी टेकत ओसरीवर येऊन बसलास, की भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणणार, "गाठ निघाली ना, सुटलास बघ एकदाचा." त्यांच्या बोलण्यात माया आहे, पण त्यावर विसंबू नकोस. मांडीतली गाठ काढून पाय राखला, इथवर सर्जनचं काम. तो पाय पुढची वीस-पंचवीस वर्षं तुला रानात न्यायला-आणायला हवा, ते काम आता सुरू होतंय. त्यातलं निम्मं रेडिएशनचं आणि निम्मं तुझं नि सूनबाईचं. माझी सारी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली, त्यातली बरीच कॅन्सरच्या वॉर्डात. आमच्या मोठ्या सिस्टर पेशंटच्या खाटेशी बसून जे सांगायच्या ते मी ऐकत ऐकत शिकले, आणि पुढे ज्याच्या त्याच्या कानावर घालत आले. आत्या म्हणून तुझ्याही घालते.

आधी हे समजून घे, की गाठ निघाल्यावर पुन्हा रेडिएशन कशाला. तुझी गाठ सॉफ्ट टिश्यू सार्कोमाची होती, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ मांसातून उठणारी. ती पातळ पापुद्र्यात गुंडाळल्यासारखी दिसते, बघणाऱ्याला वाटतं सोलून काढली की झालं. पण त्या पापुद्र्यात आणि त्याच्या पलीकडेही तिच्या पेशी शिरलेल्या असतात. आपल्या काळ्या रानातला कुंदा तुला मी काय सांगावा. खणून काढला, वावर स्वच्छ दिसलं, तरी जमिनीत एक कांडी राहिली की पहिल्या पावसात तो पुन्हा हिरवा. म्हणून सर्जन गाठीभोवतीचं चांगलं मांसही घेऊन गाठ काढतात, आणि एवढं करूनही डोळ्यांना न दिसलेलं जे उरलं असेल ते रेडिएशनने मारतात.

पूर्वी मांडीत खोल अशी मोठी गाठ निघाली की पाय खुब्यापासून काढून टाकत. अमेरिकेतल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने १९७५ पासून ४३ पेशंट घेऊन एक अभ्यास केला. २७ जणांची फक्त गाठ काढून वर रेडिएशन दिलं, १६ जणांचा हात किंवा पाय काढला. केमो दोन्हीकडे दिली. हात-पाय राखलेल्यांपैकी चौघांना त्याच जागी गाठ पुन्हा आली, पण जगण्यावाचण्यात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. १९८२ मध्ये ते छापून आलं आणि जगभरचे सर्जन पाय राखायला लागले. त्याच संस्थेने १९९८ मध्ये दाखवून दिलं, की पाय राखून वर रेडिएशन दिलं तर त्या जागी गाठ परत येण्याचं प्रमाण खूपच घटतं. आमचे डॉक्टर शिकाऊ पोरांना हे सांगायचे तेव्हा मी ट्रे घेऊन मागे उभी असायची. हे सगळं तुला सांगते ते एवढ्यासाठी, की पाचव्या आठवड्यात जीव कंटाळेल तेव्हा तुझा पाय ज्या उपचाराच्या जोरावर शाबूत ठेवला तो हाच, हे ध्यानात राहू दे.

वेटिंग हॉलमध्ये बसलास की गप्पा निघतात. कोणी म्हणेल, मला ऑपरेशनच्या आधीच रेडिएशन दिलं. कोणी म्हणेल, मला पंचवीसच दिवस दिलं, तुला तेहेतीस का? कोणाला रेडिएशन लागलंच नसेल, कारण गाठ लहान, वरवरची, मंद जातीची आणि भोवतीच्या चांगल्या मांसासकट निघालेली. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काहींना ऑपरेशनच्या वेळीच जखमेत बारीक नळ्या बसवून, त्यातून आतल्या आत रेडिएशन देतात, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. ही सगळी माणसं खरंच बोलत असतात, पण त्यांचं माप तुला लावायचं नाही. कॅनडात झालेल्या आणि २००२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात आधी देणं आणि नंतर देणं असं समोरासमोर पाहिलं. आधी दिलं तर डोस ५० ग्रे, पंचवीस वेळा, पण ऑपरेशनची जखम चिघळण्याचं प्रमाण ३५ टक्के. नंतर दिलं तर जखमेचा त्रास १७ टक्के, पण डोस ६६ ग्रेपर्यंत न्यावा लागतो आणि पुढे पाय जास्त कडक होतो. तुला नंतर मिळतंय, म्हणजे तुझ्या पुढ्यात कडकपणाशी झुंज आहे. तिच्याबद्दल खाली सविस्तर सांगणार आहे, तो भाग सूनबाईला मोठ्याने वाचून दाखव.

आता कागद. ऑपरेशन मुंबईला आणि रेडिएशन छत्रपती संभाजीनगरला, असं दोन गावांत काम असलं की कागद हरवतात आणि त्याची किंमत पेशंट भरतो. तुझ्या मांडीत आता गाठ नाही. मग मशीन नेमकं कुठे रोखायचं, हे डॉक्टरांना कळायचं कसं? ऑपरेशनच्या आधीच्या एमआरआयवरून. म्हणून तो एमआरआय, फिल्म आणि सीडी दोन्ही, जिवापाड जप. सीडी असली तर मोबाइलच्या दुकानात नेऊन पेनड्राइव्हवर उतरवून ठेव. दुसरा कागद ऑपरेशन नोटचा. गाठ कुठल्या स्नायूत होती, कुठली नस सोडवली, नळी कुठून बाहेर काढली, जागेवर खुणेच्या बारीक क्लिपा ठेवल्या का, हे त्यात लिहिलेलं असतं. तिसरा हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे गाठीची जात, तिचा ग्रेड आणि कडा साफ निघाल्या की नाही. डिस्चार्ज कार्ड सगळेच सांभाळतात, पण नुसत्या डिस्चार्ज कार्डावर रेडिएशनचं प्लॅनिंग होत नाही. सगळ्याच्या तीन झेरॉक्स काढ. एक संच पेशंटच्या पिशवीत, एक घरी ट्रंकेत आणि एक माझ्याकडे पाठवून दे.

संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. २०१२ पासून ते मराठवाड्याच्या पेशंटांचा मोठा आधार झालंय, आणि टाटा मेमोरियलशी त्याचं जोडलेपण असल्याने तिकडचे कागद इकडे अनोळखी वाटत नाहीत. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, ज्यांना परळी-लातूरची वाट सोयीची त्यांनी तिकडे विचारावं. पण कुठेही जा, घरून, परभणीहून रोज जाऊन-येऊन करू नकोस. दोनशे किलोमीटर जाणं, दोनशे येणं, पाय लटकलेला, गाडीत धक्के, आणि एखाद्या दिवशी गाडी उशिरा आली की सिटिंग बुडालं. तिथेच मुक्काम कर. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, पहिल्याच दिवशी त्यांना भेट, राहण्या-जेवणाची सोय कुठे होते ते त्यांना ठाऊक असतं. मुंबईला जावं लागलं तर दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, या दोन्ही ठिकाणी बाहेरगावच्या पेशंटांची सोय होते. दवाखान्याची चिठ्ठी लागते आणि जागा लवकर भरतात, तेव्हा उतरल्या उतरल्या जायचं.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा आणि मंजुरी आली का हे मशीनवर चढण्याच्या आधी विचार. अडलं तर १५५३८८ हा योजनेचा नंबर आहे. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सूट आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी भरून दिलेला फॉर्म घेऊन तिकीट खिडकीवर जावं लागतं. एसटीत सूनबाईला तसंही अर्धंच तिकीट.

जखम पूर्ण भरल्याशिवाय रेडिएशन सुरू करत नाहीत. साधारण महिना-दीड महिना जातो, कधी थोडा अधिक. हे दिवस वाया जातायत असं समजून घाई करू नकोस, पण जखम भरली तरी घरी रेंगाळूही नकोस. आत पाणी धरलं असेल, एखाद्या टाक्यातून ओल येत असेल, तर लपवू नकोस. साखर वाढलेली असली तर जखम भरत नाही, तपासून घे. आणि तंबाखूची पुडी. तुझ्या शर्टाच्या खिशात ती असते हे मला माहीत आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, कापलेलं मांस जुळायला उशीर होतो आणि रेडिएशनने भाजलेली कातडीही लवकर भरत नाही. आजच सोड. दोन महिन्यांपुरती नव्हे, कायमची.

आणखी एक गोष्ट, ती घरात कोणी काढणार नाही म्हणून मीच काढते. गाठ मांडीत वरच्या बाजूला होती. जांघेच्या जवळ रेडिएशन द्यायचं तर वृषणांवर थोडा मारा जाऊ शकतो. तुम्हाला अजून मूल हवं असेल तर सुरू होण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचार. झाकण देऊन वृषणं वाचवता येतात, आधी वीर्य साठवूनही ठेवता येतं. बाईमाणसाच्या बाबतीत ओटीपोटाजवळ रेडिएशन असेल तर हाच प्रश्न तिच्या बीजकोशांचा. उपचार चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. लाजून गप्प राहिलेली जोडपी मी पाहिली आहेत. नंतर विचारायला येतात तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

पहिल्या दिवशी रेडिएशन नसतंच. त्या दिवशी सीटी स्कॅनच्या टेबलावर निजवून पाय कसा ठेवायचा ते ठरवतात. त्या पायाचा साचा करतात, दुसरा पाय बाजूला घेतात, कातडीवर रंगाच्या खुणा करतात किंवा टाचणीएवढे गोंदण ठिपके देतात. निजताना अवघड वाटत असेल, कंबरेखाली काही टोचत असेल, तर तेव्हाच बोल. पुढचे सहा-साडेसहा आठवडे रोज त्याच अवस्थेत निजायचं आहे, आणि कळ सोसत निजलेला माणूस हलतो. खुणा घासून धुवायच्या नाहीत. पुसट झाल्या तर घरी स्केचपेनने गिरवायच्याही नाहीत, तंत्रज्ञांना दाखवायच्या. पायाला सूज येऊन साचा घट्ट होऊ लागला, किंवा मांस उतरून ढिला झाला, तर तेही त्यांना सांग, कारण साचा बदलला की मोजमाप बदलतं. प्लॅनिंगमध्ये डॉक्टर पायाच्या एका बाजूला लांब पट्टी मुद्दाम मोकळी ठेवतात, तिथे पूर्ण डोस जाऊ देत नाहीत. पायातलं पाणी वर वाहून नेणाऱ्या वाटा त्या पट्टीत शाबूत राहतात. पूर्ण वेढा घालून पाय भाजला तर तो जन्माचा सुजतो.

रोजचं काम दहा-वीस मिनिटांचं. आत तू एकटा असशील, पण बाहेर कॅमेऱ्यावर दिसतोस आणि बोललेलं ऐकू येतं. मशीन गुणगुणतं, कळ येत नाही, गरम लागत नाही. खोलीतून बाहेर आलास की तुझ्या अंगात काहीही उरत नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेव. खेड्यात अजून पेशंटची ताट-वाटी वेगळी काढतात, पोरांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत. कॅन्सर लागत नाही आणि बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात राहून दुसऱ्याला बाधत नाही. पोरगी मांडीवर बसायला आली तर चांगल्या पायावर बसव, जवळ घे. त्या आठवड्यांत तुला त्याची फार गरज पडणार आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुझं रेडिएशन आश्विन-कार्तिकात येतंय. सोयाबीन काढणीला, कापसाची पहिली वेचणी, त्यामागून रब्बीची ज्वारी पेरायची. सोमवार ते शुक्रवार रोज, सहा-साडेसहा आठवडे, आणि त्यातच दिवाळी. घरून फोन येणार, मळणीयंत्र मिळालंय, दोन दिवस येऊन जा. जाऊ नकोस. डोस रोज थोडा थोडा देतात याला कारण आहे. चांगल्या पेशी रात्रीतून सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही. पण मध्ये आठवडाभर खंड पडला, की उरलेल्या वाईट पेशींनाही वाढायला उसंत मिळते, आणि आधी सोसलेलं थोडंफार पाण्यात जातं. शनिवार-रविवारची सुट्टी हिशेबात धरलेली असते, तुझी सुट्टी धरलेली नसते. यंत्र बंद पडलं किंवा सणाची सुट्टी आली, तर बुडालेलं सिटिंग कसं भरून काढणार हे डॉक्टरांना विचार, त्यांच्याकडे त्याचे मार्ग असतात. शेताची व्यवस्था आत्ताच लाव. सोयाबीन भावाकडे सोपव, वेचणीचा उक्ता देऊन टाक, ज्वारीचं बियाणं कृषी विद्यापीठातून आत्ताच आणून घरात ठेव, पेरणारा शेजारी ठरवून ठेव. एक हंगाम थोडा तोट्यात गेला तर पुढच्या वर्षी भरून निघतो. माझ्या नोकरीत मधूनच उठून गेलेले बहुतेक पेशंट शेतकरी होते, आणि गेले ते सुगीलाच.

कातडीचं सांगते. पहिले दोन आठवडे काही दिसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास लाली येते, मग कातडी काळवंडते, खाज सुटते, कोंडा निघतो. जांघ, गुडघ्याची मागची खोबण, जिथे घाम साचतो आणि कातडी कातडीला घासते, तिथे चौथ्या-पाचव्या आठवड्यात साल निघून ओल येऊ शकते. रेडिएशन संपल्यावर एक-दोन आठवडे त्रास वाढलेलाच राहतो, मग उतरतो. घाबरून गेल्यावर लोक जे हाताला लागेल ते लावतात. हळदीचा लेप नको, चुना नको, बाम नको, गरम पाण्याची पिशवी नको, बर्फही नको. देवीचा अंगारा आला तर कपाळाला लाव, पायाला नाही. तेलसुद्धा डॉक्टरांनी सांगितलेलंच, आणि मशीनवर जाण्याच्या आधी अंगावर चोपडायचं नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ पंचाने टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. त्या भागावर वस्तरा फिरवायचा नाही. जीन्स पेटीत ठेव. सुती लुंगी किंवा सैल पायजमा, जांघेत आवळणारं इलॅस्टिक नको. साल निघाली तर घरचा कापूस वर ठेवायचा नाही, तंतू जखमेत चिकटतात. दवाखान्यातली न चिकटणारी पट्टी मागून घे, आणि चिकटपट्टी भाजलेल्या कातडीवर लावू नकोस. केस गळतील ते तेवढ्या जागेचेच, डोक्याचे नाहीत.

जेवणात पथ्याचा बाऊ करू नका. भाकरी, वरण, उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही, चालत असेल तर रोज दोन अंडी. कातडीला नवं मांस धरायचं तर डाळी-अंड्यांतलंच प्रथिन लागतं. नवरात्राचे उपवास या वर्षी सूनबाईने तुझ्या वतीने धरावेत, तू पोटभर जेव. कोणी काढा किंवा चूर्ण आणून दिलं तर आधी डॉक्टरांना दाखव. थकवा येतो, दुपारनंतर जास्त. थोडं पडून घे, पण दिवसभर पडून राहू नकोस. संध्याकाळी फेरी मारणाऱ्याला थकवा कमी जाणवतो, हे मी सतत पाहिलंय.

आणि आता तो कडकपणा. रेडिएशन संपलं, कातडी निवळली, लोकांनी अभिनंदन केलं, की खरा खेळ सुरू होतो. भाजलेलं मांस महिन्यामहिन्याने आतून घट्ट होत जातं. सहा महिन्यांनी माणसाच्या ध्यानात येतं, की गुडघा पूर्वीएवढा वाकत नाही, आणि तेव्हा तो परत मिळवणं फार कष्टाचं. म्हणून व्यायाम रेडिएशन चालू असतानाच हवा. घोटा वर-खाली, टाच सरकवत गुडघा वाकवणं, गुडघा ताठ करून मांडी आवळून धरणं, खुब्यातून पाय बाजूला नेणं. सकाळ-संध्याकाळ, थोडं थोडं, दुखण्याच्या काठापर्यंत, पलीकडे नाही. जोराने वाकवायला किंवा चोळायला गावातल्या हाडवैद्याला लावू नका. कुठली हालचाल किती करायची ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घे, कारण तुझ्या ऑपरेशनमध्ये कुठला स्नायू गेलाय त्यावर ते ठरतं. सूनबाई, तुझं काम मोजण्याचं. दर रविवारी तो उताणा निजून टाच किती मागे ओढतो, तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण कर. टाच आधीच्या खुणेपर्यंत पोहोचेनाशी झाली की त्याच आठवड्यात फिजिओकडे जायचं. हे निदान दोन वर्षं. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसता येणं, हे आपल्याकडच्या माणसाचं खरं माप, तिथवर पोहोचायचं असं ठरवा. मधल्या काळात संडासासाठी कमोडची खुर्ची मिळते, ती आणा. उकिडवं बसताना तोल जाऊन पडण्यात शहाणपण नाही.

पडण्याला मी फार घाबरते, त्याचं कारण हाड. मोठ्या डोसाखाली आलेलं मांडीचं हाड पुढे काही वर्षांनी ठिसूळ होऊ शकतं. ट्रॅक्टरवरून उडी मारायची नाही, ओल्या बांधावरून धावायचं नाही. काही न लागता मांडीत नवीनच दुखू लागलं तर मालिश न करता एक्सरे काढायचा.

पायाला सूज येते. बसताना पाय उंच ठेव, निजताना खाली उशी घे, मोजा घालायला सांगितला तर मापाचाच घाल. या पायावर यापुढे काटा, खरचटणं, चिखलातली जखम हलक्यावर घ्यायची नाही. सुजऱ्या पायात जंतू चटकन पसरतात. रानात चपलेऐवजी बूट, नखं कापताना जपून. पाय लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. एकाएकी पोटरी सुजून ठणकू लागली, किंवा दम लागला, तर तासाभराचीही वाट पाहायची नाही, रक्ताची गुठळी असू शकते.

तुला पाहून आता गावातले लोक आपापल्या गाठी दाखवायला येतील. त्यांना घाबरवू नकोस, बहुतेक गाठी साध्या चरबीच्या असतात. पण जी पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, म्हणजे मोठ्या लिंबाएवढी, किंवा वाढत चालली आहे, किंवा खोल स्नायूत घट्ट बसली आहे, ती जागेवर भूल देऊन कुठेही कापून घ्यायची नाही. आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी, आणि ती सुईसुद्धा पुढे ऑपरेशन करणाऱ्याच्या सल्ल्याने. चरबीची समजून अर्धवट कापलेली गाठ सार्कोमा निघाली, तर पुन्हा मोठं ऑपरेशन लागतं, आणि ज्याचा पाय सहज राखता आला असता त्याचं अवघड होऊन बसतं. दुखत नाही म्हणून थांबलो, असं सांगणारे खूप भेटतात. ही गाठ पुष्कळदा दुखत नाहीच.

रेडिएशन संपताना शेवटच्या दिवशी एकूण किती डोस, किती वेळा, कुठल्या भागाला, याचा कागद मागून घे. पुढे कधी त्या पायाला काहीही करायचं झालं तर डॉक्टर पहिल्यांदा तोच विचारतील. तपासणी पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. पायाचं ठीक असलं तरी छातीचा फोटो किंवा सीटी काढतील. त्याला नाही म्हणू नकोस. सार्कोमा दुसरीकडे गेला तर बहुतेक वेळा आधी फुप्फुसात जातो, आणि तिथे तो लहान असतानाच सापडला तर काढून टाकता येण्याची शक्यता असते. आंघोळीच्या वेळी व्रणावरून आणि आजूबाजूला हात फिरवत जा. नवा गोळा लागला तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही.

पहिल्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून मिळेल. त्याच दिवशी स्टेशनवर जाऊन तिकीट काढ, सवलतीचा फॉर्म सोबत ने आणि खालचा बर्थ माग. जाताना एमआरआयची सीडी, हिस्टोपॅथॉलॉजीचा कागद आणि रेडिएशनचा कागद एकाच फाइलीत, ती फाइल सूनबाईच्या हातात.